हेडर बसवलेली गाडी, पेटलेला दिवा आणि विनाकारण बदलले जाणारे ऑक्सिजन सेन्सर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलींचे कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या निमित्ताने दुचाकींच्या आवाजाची चर्चा तरी होते. पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकीचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा भाग, काढून बाजारातला हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप असलेला संच, बसवला, की तिच्या इंधन नियंत्रणाचे काय होते याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. हौसेने हेडर बसवला जातो, थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे धुरातला ऑक्सिजन पाहणाऱ्या भागाचे, नाव येते, काही हजारांचा नवा सेन्सर बसतो आणि दिवा परत लागतो. मग आणखी एक सेन्सर. शेवटी कोणीतरी दिवाच कायमचा विझवून देतो. अशा गाडीचे अ‍ॅव्हरेज पडते, प्लग काळे होतात आणि तिच्यामागे सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो धूर जातो. म्हणून तपासाचा क्रम सविस्तर मांडत आहे. पत्र लांबले आहे, पण हा विषय अर्धवट सांगितला तर आणखी सेन्सर फुकट जातील.

पहिली गोष्ट कोडविषयी. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रण पातळ, अर्थात पेट्रोल कमी व हवा जास्त. 'पी ०१३१' म्हणजे पुढच्या, अर्थात इंजिनाजवळच्या, सेन्सरचा व्होल्टेज कमी, 'पी ०१३३' म्हणजे त्याचा प्रतिसाद मंद, 'पी ०१३५' म्हणजे त्याच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, काय पाहिले, एवढेच हे कोड सांगतात. कुठला भाग बदलायचा, हे त्यांत लिहिलेले नसते. हेडरच्या गाडीत तर 'पी ०१३१' आणि 'पी ०१७१' येतात तेव्हा बहुतेक वेळा सेन्सर खरे बोलत असतो. पाइपात ऑक्सिजन जास्त आहे, असे तो सांगतो, आणि तो खरोखरच जास्त असतो. प्रश्न असतो तो ऑक्सिजन कुठून आला एवढाच. इंजिनाने तो जळताना शिल्लक ठेवला, की बाहेरची हवा पाइपात शिरली? सगळा तपास या एका प्रश्नाभोवती करायचा आहे.

साधा झिरकोनिया सेन्सर सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या वर नीट काम करतो. मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर तो ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो, पातळ असेल तर ०.१ ते ०.२, आणि मधली सीमा ०.४५ व्होल्टची. ईसीयू पेट्रोल थोडे वाढवत, थोडे कमी करत या सीमेच्या आरपार सतत येरझारा घालत राहतो. नवीन गाड्यांत पुढे बऱ्याचदा वाइडबँड म्हणजे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचा हिशोब वेगळा. डेन्सोच्या काही एअर-फ्युएल सेन्सरनाही चारच वायरी असतात, म्हणून वायरी मोजून निष्कर्ष काढू नका. पार्ट नंबर पाहा. असा सेन्सर मल्टिमीटरने ०.४५ च्या हिशोबात तपासला, तर चांगला सेन्सर बाद ठरतो. तो स्कॅनरवरच्या लॅम्डाच्या (प्रत्यक्ष हवा आणि नेमकी लागणारी हवा यांचे गुणोत्तर, १ म्हणजे बरोबर) किंवा करंटच्या आकड्यानेच तपासावा.

आता हेडर नेमके काय बदलतो ते पाहू. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅट', थेट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. पुढचा सेन्सर इंजिनापासून वीतभर अंतरावर, ऐन उष्णतेत बसतो. ४-२-१ हेडरमध्ये चारही पाइप एकत्र येतात ती जागा बरीच खाली जाते आणि सेन्सरही तिच्याबरोबर खाली जातो. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसते चालू असताना, तिथला वायू थंड असतो, सगळी भिस्त हीटरवर येते आणि बदल सेन्सरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. 'पी ०१३३' कधी कधी एवढ्यानेच येतो.

याहून वाईट म्हणजे काही स्वस्त हेडरमध्ये सेन्सरचा बंग, म्हणजे तो पिळून बसवायची आट्यांची बुशी, एकाच सिलिंडरच्या पाइपावर वेल्ड केलेली असते. मग ईसीयू एका सिलिंडरचे ऐकून चौघांना पेट्रोल देतो. त्या एका सिलिंडरचा इंजेक्टर किंचित चोंदलेला असला, तर बाकीचे तीन विनाकारण जाड चालतात. बंग चारही पाइप मिळाल्यानंतरच्या भागावर हवा, त्याला पर्याय नाही.

बंगची जागा आणि कोन याकडे वेल्डर सहसा लक्ष देत नाहीत, म्हणून थोडे बारकाईने लिहितो. सेन्सरचे टोक खाली आणि कनेक्टरची बाजू वर, आडव्या रेषेपासून निदान १० अंश चढ हवा. नाहीतर थंड इंजिन सुरू करताना पाइपात साचणारे पाणी टोकाशी जमते आणि तापलेल्या सिरॅमिकला तडा जातो. आटे बहुतेक एम १८ × १.५ चे असतात. बंग जास्त जाड असला किंवा पाइपाच्या आत पुरेसा उतरलेला नसला, तर टोक वायूच्या वाटेत येत नाही, खड्ड्यात बसते आणि सेन्सर सुस्त भासतो. वेल्डिंग करताना बंगमध्ये जुना सेन्सर किंवा तसाच बोल्ट पिळून ठेवावा, म्हणजे आटे वाकडे होत नाहीत. चालू सेन्सर मात्र आधी काढून बाजूला ठेवावा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी. सेन्सर २२ मिमीच्या खाचेच्या सॉकेटने साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळायचा. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच अँटी-सीझ लावलेले असते. वरून लावायचेच झाले तर आट्यांपुरते, टोकाला थेंबही लागता कामा नये.

आता मूळ दुखण्याकडे वळतो, ते म्हणजे सेन्सरच्या आधीची गळती. एक्झॉस्टमध्ये दाब एकसारखा नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका गेला की दुसरा यायच्या आधी पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. हेडरचे सगळे काम या लाटेवरच चालते. हेडरला इंजिनाच्या हेडशी जोडणाऱ्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, किंवा पाइपांच्या जोडाला बारीक फट असली, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो 'पातळ' म्हणतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन प्रत्यक्षात जाड चालू लागते आणि कोड येतो पातळ मिश्रणाचा! मेकॅनिकने कोड वाचून इंजेक्टर साफ केले, पंप बदलला, सेन्सर बदलला, तरी फट जागेवरच राहते. आयडलला ठोक्यांमधले अंतर जास्त म्हणून हवा जास्त शिरते. २५०० ते ३००० आरपीएमला ठोके जवळजवळ येतात आणि परिणाम कमी होतो.

त्यामुळे सर्वांत आधी इंजिन पूर्ण थंड असताना गळती शोधा. सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरची किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या बाजूची हवा सोडा, फट राहील तिथे कापड गुंडाळा, आणि हेडची फ्लँज, प्रत्येक वेल्ड, स्लिप जॉइंट, बंगचा घेर यांवर शांपूचे पाणी टाका. बुडबुडे दिसतील. स्मोक मशीन असेल तर उत्तमच. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात येणारी टिकटिक लक्ष देऊन ऐका. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज जातो, म्हणून गरम गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिकला काहीच सापडत नाही. फटीजवळ काळ्या काजळीचा पट्टा दिसला, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. चालू आणि तापलेल्या हेडरवर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारून गळती शोधण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये. आग लागते.

फट बहुतेक फ्लँजला सापडते. स्वस्त हेडरची फ्लँज पातळ पत्र्याची असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते. स्टीलची सरळ पट्टी तिच्यावर धरून फीलर गेज घाला. ०.१५ मिमीची पाती सहज आत गेली, तर फ्लँज मशिनवर फेस करून घ्यावी. दोन पॅकिंग एकावर एक ठेवून किंवा सिलिकॉन थापून ती फट भरू नये. साध्या आरटीव्ही सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि मग तो सेन्सर खरोखरच मरतो. पॅकिंग शक्यतो अनेक पदरी स्टीलचे घ्यावे, नट मधल्या स्टडपासून बाहेरच्या बाजूला आवळत जावे. पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर, गाडी पूर्ण थंड असताना, ते पुन्हा आवळावे. हे दुसऱ्यांदा आवळणे राहून गेल्यामुळे पॅकिंग उडालेली हेडरे पुष्कळ.

गळती नाही याची खात्री झाली, की मग स्कॅनर. कूलंट ८० अंशांच्या वर गेल्यावर आयडलला आणि २५०० आरपीएमला शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते आकडे, लिहून घ्या आणि दोन्हींची बेरीज करा. बेरीज उणे-अधिक ५ टक्क्यांत असली तर छान, १० पर्यंत चालेल, २० ते २५ च्या घरात बहुतेक गाड्या कोड टाकतात. आयडलला २० आणि २५०० ला ५ असे असेल, तर गळती एक्झॉस्टची किंवा इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेची. आयडलला ठीक, पण चढावर, पाय दाबल्यावर वाढत जात असेल, तर पंप किंवा फिल्टर कमी पडतो आहे. सगळीकडे सारखीच जास्त असेल, तर इंधनाचा दाब, इंजेक्टर किंवा इंधन स्वतःच पाहावे.

यातील 'इंधन स्वतःच' ही बाब अलीकडे महत्त्वाची झाली आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १४.१ पट, आणि २० टक्के असेल तर सुमारे १३.५ पट. म्हणजे ई १० साठी बेतलेली गाडी ई २० वर चालली, की ईसीयूला ४ टक्क्यांच्या आसपास जादा इंधन द्यावेच लागते. ट्रिम तेवढा वर सरकतो आणि यात बिघाड काहीच नाही. पण कोड येण्याआधीची सवलत तितकी खर्च झालेली असते. पूर्वी ज्या बारीक गळतीने दिवा लागला नसता, तिनेही आता तो लागू शकतो. हेडर बसवण्याच्या आधीचे ट्रिम टिपून ठेवलेले असतील, तरच इंधनाचा वाटा किती आणि हेडरचा किती हे वेगळे करता येते. ज्याला हेडर बसवायचा आहे त्याने निदान एवढे करावेच.

आणखी एक भेद उपयोगी पडतो. हवा मोजायला गाडीत एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा थेट मोजणारा) आहे की मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा)? एमएएफ असेल, तर हेडरमुळे इंजिनाने जास्त हवा घेतली तरी ती मोजली जाते आणि ट्रिम शून्याजवळ राहतो. अशा गाडीत ट्रिम फार वर गेला तर गळतीचा संशय बळकट होतो. अनेक लहान गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तिथे ईसीयू दाब आणि तापमानावरून हवेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज मूळ मॅनिफोल्डवर बेतलेला असतो. चांगला हेडर बसला की मधल्या आरपीएमला इंजिन खरोखर जास्त हवा घेते आणि तेवढ्या पट्ट्यातच ट्रिम वाढतो. हा दोष नव्हे. त्यावर उपाय म्हणजे जाणकाराकडून फ्युएल मॅप सुधारून घेणे. सेन्सर बदलून त्यात काही फरक पडत नाही.

आयडलला ट्रिम जास्त आहे, पण गळती एक्झॉस्टची की इनटेकची ते कळत नाही, अशी अडचण नेहमी येते, कारण स्कॅनरवर दोन्ही सारख्याच दिसतात. इथे कोपऱ्यावरचे पीयूसी केंद्र कामाला येते, आणि ही सोय जवळजवळ कोणीच वापरत नाही याची खंत वाटते. इनटेकच्या गळतीत जास्तीची हवा इंजिनातून जाते आणि ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल देतो, त्यामुळे जळण बरोबर होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत नाही. एक्झॉस्टच्या गळतीत हवा जळण संपल्यानंतर शिरते. जादा पेट्रोल इंजिनात अर्धवट जळते, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन हे दोन्ही एकाच वेळी जास्त दिसतात आणि कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांवरून खाली येतो. सिलिंडर मिसिंग करत असेल तर चित्र तिसरेच दिसते. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन जास्त, पण कार्बन मोनॉक्साइड बेताचाच. मिसिंगमध्ये न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला पातळपणाच वाटतो, म्हणून 'पी ०३००' ते 'पी ०३०४' पैकी कोड सोबत असेल तर आधी प्लग आणि कॉइल पाहावेत.

यात दोन सापळे आहेत. एक, लॅम्डाचा आकडा १ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ईसीयू गळतीची हवा धरूनच मिश्रण १ वर आणत असतो, त्यामुळे इंजिन जाड चालत असले तरी टोकाशी हिशोब १ च्या जवळपास येऊ शकतो. दुसरा, हेडरनंतर कॅट शाबूत असेल, तर तो त्याच शिरलेल्या हवेवर कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो आणि टोकाचा आकडा स्वच्छ दिसतो. अशा गाडीत प्लग काढून पाहावेत. चारही प्लग काजळलेले आणि कोड मात्र पातळ मिश्रणाचा, हे एक्झॉस्ट गळतीचे बळकट लक्षण. पुढचा सेन्सर सोडून, कोड व ट्रिम पुसून गाडी पाच मिनिटे चालवून पाहता येते. ईसीयू तेव्हा सेन्सरचे न ऐकता ठरलेल्या मापाने पेट्रोल देतो. आयडल सुधारले तर सेन्सरपर्यंत चुकीची बातमी पोहोचत होती हे नक्की. मग दोष फटीचा की सेन्सरचा, एवढेच ठरवायचे उरते.

आता सेन्सर. त्याची चाचणी सोपी आहे. गरम गाडीला झटक्यात रेस द्या, साध्या सेन्सरचा आकडा ०.८ च्या वर गेला पाहिजे. चालत्या गाडीत तिसऱ्या गियरला पाय पूर्ण सोडा, इंधन तुटले की तो ०.१ च्या आसपास आला पाहिजे. २५०० आरपीएमला १० सेकंदांत ०.४५ ची सीमा निदान सात-आठ वेळा ओलांडली गेली पाहिजे. दोन्ही टोकांना चपळाईने जाणारा सेन्सर चांगला असतो, मग कोड काहीही म्हणो. स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर एकाच वेळी दहा आकडे दाखवू लागला की प्रत्येक आकडा सेकंदा-दोन सेकंदांनी बदलतो आणि निरोगी सेन्सर सुस्त भासतो. स्क्रीनवर तेवढा एकच आकडा ठेवून मगच मत बनवा.

सेन्सर ०.१ वर चिकटलेला असेल आणि रेस दिल्यावरही हलत नसेल, तर आधी वायर पाहा. हेडर मूळ मॅनिफोल्डपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि त्यावरचे उष्णतारोधक पत्रे बहुधा काढलेलेच असतात, म्हणून वायर तापलेल्या पाइपाला टेकून वितळते. बॉशच्या सेन्सरमध्ये बहुधा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नल ग्राउंडची. डेन्सोच्या अनेक सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. हा फरक माहीत नसताना जोड दिला, की हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरीवर जातात. कनेक्टर सोडून सेन्सरच्या बाजूने हीटरचा रोध मोजा. थंड असताना बहुतेक सेन्सरमध्ये तो ३ ते १५ ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. गाडीच्या बाजूला हीटरच्या एका पिनवर बॅटरीचा व्होल्टेज यायला हवा, नसेल तर आधी फ्यूज. 'पी ०१३५' मध्ये फ्यूज न पाहता सेन्सर विकला जातो, हे मला अक्षम्य वाटते.

हेडरमुळे वायर अपुरी पडते तेव्हा ती कापून, सोल्डर करून, टेप गुंडाळून लांबवली जाते. तसे करू नये. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या बारीक पोकळीतूनच घेतात. सोल्डरने आणि ग्रीसने ती वाट बंद होते, तुलनेची हवा बिघडते आणि आकडा सरकतो. त्याच सेन्सरच्या कनेक्टरची तयार एक्स्टेंशन हार्नेस घ्यावी, वायर पाइपापासून लांब, उष्णतारोधक नळीतून न्यावी आणि इग्निशन कॉइलच्या बाजूने नेऊ नये.

काढलेल्या सेन्सरचे टोक पाहून पुष्कळ कळते. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड आहे. कारण दूर केले तर ती गाडी चालवताना बऱ्याचदा जळून जाते. पांढरा चकचकीत थर सिलिकॉनचा किंवा हेड गॅस्केटमधून आलेल्या कूलंटचा. तपकिरी, तेलकट थर जळलेल्या ऑइलचा. शेवटच्या दोन्हींत सेन्सर बदलावाच लागतो, पण कूलंट किंवा ऑइल येते कुठून ते आधी शोधले नाही, तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. 'युनिव्हर्सल' म्हणून विकले जाणारे, वायर कापून जोडायचे सेन्सर टाळावेत. हीटरचा रोध जुळला नाही की ईसीयू 'पी ०१३५' पुन्हा दाखवतो.

आता मागच्या सेन्सरविषयी. तो कॅटच्या पलीकडे असतो आणि कॅट काम करतो का, यावर नजर ठेवतो. कॅट चांगला असेल तर हा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. हेडरबरोबर कॅट काढून टाकला की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो आणि 'पी ०४२०' येतो. हा सेन्सरचा दोष नाही आणि तो निदानाचा विषयही नाही. कॅट नाही, एवढाच त्याचा अर्थ. यावर 'उपाय' म्हणून सेन्सर वायूपासून दूर उचलणारा स्पेसर बसवणे किंवा ईसीयूमधून मागचा सेन्सर पुसून टाकणे हे सर्रास सुचवले जाते. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. अनेक ईसीयू मागच्या सेन्सरवरून पुढच्या सेन्सरचे बारीक सरकणे दुरुस्त करून घेतात. त्याला फसवले की मुख्य मिश्रणच चुकते.

शिवाय कायदा आहे. बीएस ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, तर २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ अशी मर्यादा आहे. कॅट काढलेले इंजिन अगदी नेमक्या मिश्रणावर चालले, तरी त्याचा कार्बन मोनॉक्साइड सहसा अर्ध्या टक्क्याच्या पुढे असतो. म्हणजे अशी गाडी प्रामाणिक तपासणीत पास होणे जवळजवळ अशक्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे हवा आणि आवाजाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ३ महिने लायसन्सही जाते. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. त्यानंतर एवढ्या वर्षांनी तो पाना लावून काढून टाकणे कोणत्याही हौसेत बसू नये. रेस ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला हेडर हवाच असेल, तर त्याच्या लगेच खाली, जितका जवळ बसेल तितका जवळ, योग्य मापाचा नवा कॅट बसवावा. तो २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करत नाही, म्हणून त्याला लांब मागे ढकलले की थंड गाडीचा पहिल्या काही मिनिटांतला धूर तसाच बाहेर जातो.

शेवटी दोन मागण्या. पहिली परिवहन विभागाकडे. लॅम्डाचा हिशोब करणाऱ्या पीयूसी यंत्राला चारही वायू मोजावेच लागतात. मग ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडेही, आयडल आणि २५०० आरपीएम अशा दोन्ही वेळचे, प्रमाणपत्रावर छापावेत. त्या चार आकड्यांवरून चांगला मेकॅनिक निम्मे निदान जागेवर करील. दुसरी गॅरेजवाल्यांकडे. ऑक्सिजन सेन्सर बदलला तर बदलण्याआधीचे आणि नंतरचे ट्रिम बिलावर लिहावेत आणि काढलेला सेन्सर ग्राहकाच्या हातात द्यावा. ट्रिम बदललेला नसेल, तर सेन्सरचे पैसे ग्राहकाने का द्यावेत, हे तिथेच विचारता येईल.

आपला,
वाहन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, पुणे